पोंकाच्या दिवसांतलं वजन

पोंक आला की मला राग येतो. इतक्या कोवळ्या, हिरव्यागार, कुणाचं काही वाकडं न करणाऱ्या दाण्यांवर रागावणारी बाई अख्ख्या सुरतेत मी एकटीच असेन. दिवाळी उलटते, सकाळी शाळेत जाताना खांद्यावर शाल घ्यावीशी वाटते, आणि एके दिवशी तापीच्या पुलाच्या टोकाशी ते मांडव उभे राहिलेले दिसतात. भट्टीतून काढलेली जोंधळ्याची कणसं कापडात गुंडाळून काठीनं बडवतात, त्याचा धप धप आवाज येतो. धूर आपला रस्ताभर. शेजारी लिंबू-मिऱ्याच्या शेवेच्या राशी, साखरेचे पांढरे दाणे, ताकाचे ग्लास. गाड्या आडव्यातिडव्या लावून माणसं अशी तुटून पडलेली असतात की जणू उद्या जोंधळा पिकायचाच नाही. मी नाक मुरडून पुढे जाते.

आमच्या खानदेशात यालाच हुरडा म्हणतात. माय इतकी वर्षं इथे सुरतेच्या लिंबायतमध्ये राहते, पण तिच्या तोंडात अजून पोंक हा शब्द बसलेला नाही. दर हिवाळ्यात मांडवावरच्या त्याच पोंकवाल्याशी तिचं भांडण ठरलेलं असतं. "पोंक काय नि फोंक काय, हुरडा शे तो," ती त्याला सुनावते. तोही बेरकी आहे. "हा मासी, हुरडो," असं म्हणून पुडी बांधतो. मग माय विजयी मुद्रेनं घरी येते आणि पुडी ओट्यावर ठेवते, आणि मी त्या पुडीकडे बघून चहा जरा जोरात ढवळते.

हे सगळं किशोरमुळे. किशोर म्हणजे माझा धाकटा भाऊ. आज तो गोडादरा ते लिंबायत रिक्षा चालवतो, पोट सुटलंय, दुपारी सीटवर पाय पसरून घोरतो. हा माणूस व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वेल्टरवेट गटाचा विजेता होता, असं मी शाळेतल्या बायकांना सांगितलं की त्या आधी माझ्याकडे बघतात, मग एकमेकींकडे. त्यानं जिंकलेला पट्टा दाखवला की मगच गप्प होतात. हा पट्टा चामड्याचा आहे, मधे पितळेची एवढी मोठी तबकडी. मायनं तो देवघराच्या खालच्या फळीवर ठेवलाय. दसऱ्याला त्याला हळदीकुंकू लागतं, त्यामुळे तबकडीवरच्या बॉक्सरचं कपाळ कायमचं लाल झालंय.

वेल्टरवेट म्हणजे काय, हे मला सगळ्यांना समजावून सांगावं लागतं. या गटात लढायचं तर वजन सहासष्ट किलोच्या अगदी थोडं वर, त्याच्या पुढे एक चमचाही नाही. लढाईच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर काट्यावर उभं करतात. त्या एका क्षणापुरतं वजन बसलं पाहिजे. किशोरचं अंग मूळचं भरलेलं, दोन महिने पोटभर जेवला तर पार पुढच्या गटात जाईल असं. त्यामुळे प्रत्येक लढाईआधी त्याला स्वतःचं शरीर थोडं थोडं करून परत करावं लागे. आणि लढाया नेमक्या हिवाळ्यात असायच्या. उन्हाळ्यात पत्र्याच्या हॉलमध्ये कोण बसणार? म्हणजे अख्खं सुरत पोंक, उंधियू, जिलबी खात असताना आमच्या घरातला एक माणूस उकडलेले मूग मोजून खायचा.

वडील गेले तेव्हा किशोर शाळेत होता आणि हाताबाहेर चालला होता. रोज कुणाचं तरी नाक फोडून यायचा. अण्णांनी त्याला उचललं. अण्णा आमच्या तालुक्यातलेच, सुताच्या गोडाऊनमध्ये कामाला. कारखानेवाले तिथून सुताची पोती न्यायचे, आणि अण्णांचं काम ती पोती काट्यावर मोजून द्यायचं. संध्याकाळी एका साड्या घडी घालायच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत ते पोरांना बॉक्सिंग शिकवत. त्या खोलीत खळीचा, घामाचा आणि चामड्याचा मिळून एक वास असे. मी किशोरचा डबा घेऊन जायची तेव्हा पायऱ्यांवरूनच अण्णांचा आवाज ऐकू यायचा. "हनुवटी खाली! अरे, घर उघडं टाकून कुठं निघालास?"

अण्णांना स्वतःच्या शरीराचा भारी अभिमान. सदरा खोचून, छाती काढून चालायचे. कुणीही नवा माणूस भेटला की पोट ताठ करून म्हणायचे, "मार इथं. मार, मार, घाबरू नको." माणूस बिचारा संकोचानं एक टपली मारी. "बघ, दगड आहे. पन्नाशी आली तरी सुपारीएवढी चरबी नाही." माय पदराआड हसायची. पण मायला अण्णांचा आधार वाटायचा, हे खरं. किशोरला कुठं जाऊ द्यायचं, काय खाऊ द्यायचं, कधी रागवायचं, हे सगळं तिनं त्यांच्यावर सोपवलं होतं. किशोरनं तर आपला जीवच सोपवला होता. वडिलांच्या फोटोला तो कधीतरी नमस्कार करी, अण्णांच्या पायाला मात्र रोज हात लावी.

पट्टा जिंकला तो हिवाळा मला लख्ख आठवतो, कारण त्या सकाळी आमच्या गल्लीतले माग बंद होते. लिंबायतमध्ये मागांचा खटखटाट बंद झाला की आधी माणसाला भीती वाटते, काय झालं म्हणून. मग ढोल ऐकू आला. किशोरचा एक डोळा बंद, ओठ फाटलेला, आणि गळ्यात इतके हार की मान दिसत नव्हती. अण्णा गर्दीतून वाट काढत आले, हातात पोंकाची पुडी. "शब्द दिला होता ना? जिंकलास की पोंक, आणि तोही माझ्या हातचा. आ कर." त्यांनी मूठभर पोंक आणि शेव एकत्र करून त्याच्या तोंडात घातली. लिंबाची, मिऱ्याची शेव त्या फाटक्या ओठाला झोंबली. किशोरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तो हसतोय, आणि अण्णा दुसरी मूठ भरतायत. तेव्हा मलाही पोंक आवडायचा. मी उरलेली पुडी पळवली होती.

पुढच्या हिवाळ्यात पट्टा राखायची लढाई ठरली. समोर शहराबाहेरच्या कामरेजमधल्या, लढाया भरवणाऱ्या एका बड्या आयोजकाचा लाडका मुलगा होता. तो आयोजक नवी, चकचकीत जिम बांधत होता, आणि त्याला आपल्या मुलाच्या कमरेला पट्टा हवा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. किशोर हसत म्हणायचा, "हवा असेल तर ये म्हणावं घ्यायला."

त्याच दिवसांत अण्णा आमच्या घरी काटा घेऊन आले. गोडाऊनमधून बदलून निघालेला, चौकोनी पत्र्याचा, लाल आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा. दोन माणसांनी उचलून आणावा लागला. आदल्या वर्षापर्यंत किशोर औषधांच्या दुकानातल्या नाहीतर स्टेशनवरच्या मशीनवर वजन करायचा. अण्णा म्हणाले, "आता तू चॅम्पियन. दुसऱ्याच्या काट्यावर भरवसा ठेवायचा नाही. रोज सकाळी यावर उभं राहायचं आणि मला आकडा सांगायचा." खोलीत चालायला जागा नव्हती तरी मायनं पलंग सरकवला. काट्यावर फूल वाहिलं. किशोरनं वाकून त्याला नमस्कार केला.

आमच्याकडे कारखानेवाले एक गंमत सांगत. सूत गोडाऊनमध्ये जड असतं आणि मागावर आलं की हलकं होतं म्हणे. सगळे हसत, अण्णाही हसत. मी ती गंमत लहानपणापासून ऐकत आले होते. गंमत ऐकायची आणि हसायचं, एवढंच आपल्याला ठाऊक.

तो हिवाळा आम्ही कसा काढला! आकडा खाली उतरेचना. किशोर मुगावरून काकडीवर आला, काकडीवरून कोमट पाण्यावर. त्याला वास सहन होईना म्हणून मायनं घरात फोडणी बंद केली. खानदेशी घर आणि फोडणी नाही! लसूण नाही, काळा मसाला नाही, वांग्याचं भरीत तर सोडाच. आम्हीही त्याच्यासोबत उकडलेलं खात होतो. एके दिवशी शेजारीण दारात उभी राहून हळूच विचारून गेली, "तुमच्याकडे सुतक आहे का?" मी तिच्यावर खेकसले. तिचं तरी काय चुकलं? घरातून वासच येत नव्हता.

भुकेल्या माणसाचं नाक कसं असतं, ते मी तेव्हा पाहिलं. शाळेतून येताना मी पुलावरून आले की तो पलंगावर पडल्या पडल्या म्हणायचा, "ताई, पोंकाजवळून आलीस ना?" माझ्या ओढणीला धुराचा वास लागलेला असे. मग मी लांबचा रस्ता धरला. रिक्षा बदलून, फिरून यायचे, पण पुलाच्या त्या टोकाला जायचे नाही. मायनं तर जाहीरच केलं होतं, भाऊ खाणार नाही तोवर या घरात हुरडा येणार नाही. रात्रीच्या जेवणाला ती त्याच्यासमोर ताट घेऊन बसायची, आणि मग स्वतःच्याच नियमाला कंटाळून म्हणायची, "भूक लागनी ना भाऊ? जराखं खाई ले." तो मान हलवून भिंतीकडे तोंड करी.

त्याच दिवसांत गावाहून मामानं दादर पाठवली. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, कराव्यात तर तिच्याच. गावातून पन्नास किलोचं पोतं मोजून टेम्पोत चढवल्याचा मामाचा फोन आला होता. मायनं हौसेनं ते नव्या काट्यावर ठेवलं, तर आकडा पन्नासच्या चांगलाच पुढे गेला. मायचा चेहरा फुलला. "मना भाऊना हात पहिलापासून मोठा शे," ती मला म्हणाली. भावाच्या मोठ्या मनाची गोष्ट तिनं गल्लीभर सांगितली. किशोर तिथेच बसला होता, दोरीवरच्या उड्या मारून थकलेला. तोही हसला. आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर काट्यानं सगळं सांगून टाकलं होतं आणि आम्ही मामाचं कौतुक करत बसलो.

शेवटच्या आठवड्यात अण्णा त्याला ओळखीच्या एका कापड मिलमध्ये नेऊ लागले. छपाई झालेलं कापड जिथे वाफेवर सुकवतात, त्या तापलेल्या यंत्राशेजारी तो उभा राहायचा. साड्या ज्यात गुंडाळून विकतात ते प्लास्टिक अंगाभोवती लपेटून, त्यावर जाड जाकीट. घाम निथळून बुटांत साचे. परत आला की त्याच्या अंगाला रंगाचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास यायचा. काट्यावर चढायचा, लाल आकडा बघायचा, आणि उतरून पुन्हा जाकीट घालायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, बस कर. माणूस आहेस की वाळत घातलेलं कापड?" अण्णा माझ्यावर हसले. "मास्तरीणबाई, तुमचं गणित शाळेत. इथं काटा सांगेल तेच."

आणि मग आदल्या दिवशीचं अधिकृत वजन झालं. तिथल्या काट्यावर किशोर मर्यादेच्या कितीतरी खाली भरला. निवेदकानं थट्टा केली, "चॅम्पियन तर वाऱ्यानं उडून जाईल!" लोक हसले. अण्णांनी त्याचा हात उंच धरला. "शेवटच्या दिवशी घाम जास्तच गेला," असं ते आम्हाला म्हणाले, आणि आम्हाला हायसं वाटलं. वजन बसलं, झालं. त्या वेळी मी किशोरकडे नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्याचे गाल आत बसले होते, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती.

लढाईबद्दल मला फारसं लिहवत नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत तो किशोरच होता. मग त्याचे पाय गेले. हात उठत होते, डोळे बघत होते, पण पाय जमिनीला विचारून टाकल्यासारखे पडत होते. प्रत्येक घंटेला तो कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन अण्णांच्या तोंडाकडे बघायचा. दुसऱ्या कुणाकडे नाही, फक्त अण्णांकडे. एकदा त्यानं काहीतरी विचारलं, तेव्हा अण्णा त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. माय माझ्या शेजारून ओरडत होती, "पाणी द्या रे त्याले!" शेवटी पंचानं लढाई थांबवली. हार मानून आपल्या मुलाला वाचवायचं तर कोपऱ्यातून टॉवेल आत फेकतात; अण्णांच्या खांद्यावरचा टॉवेल शेवटपर्यंत खांद्यावरच होता.

किशोरला सलाईन लावावी लागली. शरीरात पाणीच उरलं नव्हतं, डॉक्टर आमच्यावरच रागावले. मूत्रपिंडाला धक्का बसला होता, पुन्हा असं वजन उतरवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. वजन उतरवायचं नाही म्हणजे वेल्टर नाही, आणि वरच्या गटात त्याच्याहून हातभर उंच मुलं होती. अशी त्याची कारकीर्द संपली. वाजंत्री नाही, निरोप नाही. तो एके दिवशी रिक्षाचं लायसन काढायला गेला आणि आम्हाला कळलं. पट्टा मात्र राहिला. नव्या विजेत्यासाठी नवा बनवून घेतला होता, जुना त्यांनी मागितला नाही. ती एक त्यांची कृपा म्हणायची.

अण्णा उन्हाळ्याच्या आत कामरेजला गेले. त्या आयोजकाच्या नव्या जिममध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून.

मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण समजलं ते तांदळानं. आणखी काही महिन्यांनी वर्षाचा तांदूळ आणला. गोणी कंपनीची सीलबंद होती, वर पंचवीस किलो छापलेलं. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून मी ती काट्यावर टेकवली आणि सहज बटण दाबलं. आकडा सव्वीसला टेकत होता. मी गोणी उतरवली, पुन्हा ठेवली. मला मामाची दादर आठवली. पन्नास किलोला एवढा फरक, तर सहासष्टला केवढा, हे मी उभ्या उभ्या काढलं. अण्णा म्हणाले होते ना, तुमचं गणित शाळेत. मी गोणी तिसऱ्यांदा काट्यावर ठेवली.

किशोर दुपारी जेवायला आला तेव्हा मी त्याला दाखवलं. त्यानं गोणीवरचा छापील आकडा वाचला. मग म्हणाला, "जुना काटा आहे ताई. बिघडला असेल."

"आणि अण्णा? वर्षानुवर्षं याच काट्यावर पोती मोजणारा माणूस?"

"त्यांना काय माहीत? त्यांनी तर प्रेमानं आणून दिला."

"आणि कामरेज?"

"चांगल्या माणसाला चांगलं काम मिळालं. तुला का दुखतं?" मग त्यानं माझा हात धरला. त्याच्या पकडीत अजून जोर होता. "ताई, तुला माझ्या गळ्याची शप्पथ. मायला सांगायचं नाही, अण्णांना विचारायचं नाही. जवा दे ने, सोडून दे. माझ्याकडून पट्टा गेला, तो गेला. हे एक राहू दे."

हे एक म्हणजे अण्णा. ते मला कळलं, आणि मी शप्पथ पाळली. राग मात्र पाळता आला नाही. दर गुरुपौर्णिमेला किशोर नारळ घेऊन कामरेजला जायचा, तेव्हा मी भांडी आपटायची. दर हिवाळ्यात तो अण्णांसाठी पोंकाची पुडी न्यायचा, तेव्हा मी म्हणायची, "शेव पण ने. झोंबणारी." तो हसून किक मारायचा. कधी कधी मला वाटे, मीच कोत्या मनाची. गुरूवर एवढा विश्वास टाकणारा भाऊ मिळायला भाग्य लागतं, आणि मी त्यात तांदळाच्या गोणीवरून संशय काढत बसलेय. काटे बिघडतातही. माणूस नोकरी बदलतोही. किशोरला काटा टाकू म्हटलं तर तो म्हणे, राहू दे, अण्णांची आठवण. म्हणून तो खोलीच्या कोपऱ्यात राहिला. माय बिबड्यांची दादर त्याच्यावरच मोजते, आणि दरवर्षी म्हणते की पीठ मोजून घेतलं तरी बिबड्या कमी का होतात कुणास ठाऊक.

या हिवाळ्यात कामरेजच्या जिमनं अण्णांना घरी बसवलं. तिथं कुणी परदेशात शिकून आलेला तरुण प्रशिक्षक आणलाय म्हणे. किशोरला वाईट वाटलं. "एकटे पडलेत ताई. रविवारी जेवायला आणतो," तो म्हणाला, आणि खरंच रिक्षा पुसून, नवं सीट कव्हर घालून त्यांना घेऊन आला. मायनं पुरणाचे मांडे केले, वांग्याचं भरीत केलं, आणि फोडणीचा वास असा सुटला होता की दोन घरं पलीकडच्यांनाही पत्ता लागावा. ओट्यावर पोंकाची मोठी पुडी. मी ठरवलं होतं, तोंड बंद ठेवायचं.

अण्णा थकलेत. केस गेलेत, मान जरा पुढे आलीय. पण सदरा खोचलेला होता, आणि खोचलेल्या सदऱ्यावरून पोट बाहेर आलं होतं. किशोरनं वाकून पायाला हात लावला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा." दोघांचे डोळे ओले झाले. खोटं नव्हतं ते. म्हणून तर मला जास्त त्रास झाला.

जेवणं झाली. पोंक ताटलीत काढला. इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या आणि माय आपली हसत बोलून गेली, "अण्णा, तुमनं पण पोट सुटी गयं."

अण्णांना ते लागलं. सगळं गेलं होतं, तेवढा एक अभिमान उरला असावा. "काही बोलता का वहिनी! माझं पोट? ठेवलाय ना तो काटा अजून? बघा आत्ता." ते उठले, कोपऱ्यात गेले, पिठाचा डबा खाली ठेवला आणि काट्यावर उभे राहिले. छाती काढून, पोट आत ओढून, अगदी पूर्वीसारखे. लाल आकडे थरथरले आणि थांबले.

माय वाकून बघायला लागली आणि खुदकन हसली. "दखा! मी काय सांगनू?"

"असं नाही वहिनी," अण्णा हातातला पोंक तोंडात टाकत म्हणाले, "यातले दोन-अडीच कमी धरा. हा काटा पुढे पळतो."

किशोर माझ्या शेजारी बसला होता. त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "कधीपासून, अण्णा?"

"पहिल्यापासून. गोडाऊनमध्ये होता तेव्हापा..." आणि त्यांचं चावणं थांबलं.

बाहेर माग चालू होते, पण ते लांब कुठेतरी. अण्णा काट्यावरच उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मायकडे. किशोरकडे बघितलंच नाही. "म्हणजे, तसं नाही रे... गोडाऊनमधले काटे असेच असायचे, सगळ्यांचेच..." ते बोलत होते आणि त्यांचं वाक्य कुठे जाऊन थांबणार हे त्यांनाच कळत नव्हतं.

"काय व्हयनं रे?" माय विचारत होती.

मी इतकी वर्षं या क्षणाची वाट बघत होते. मनातल्या मनात अण्णांना किती वेळा कोपऱ्यात गाठलं होतं, काय काय सुनावलं होतं. आता ते समोर उभे होते, त्यांच्याच तोंडून सगळं बाहेर पडलं होतं, मी खरी ठरले होते. आणि मला वाटत होतं, देवा, मागे घे. मी खोटी ठरू दे. कारण मी किशोरचा चेहरा पाहिला. लढाई थांबवली तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

अण्णा उतरले. दाराशी चपलांत पाय घालायला त्यांना वेळ लागला, एक चपल उलटी झाली होती. "निघतो," ते म्हणाले. किशोर उठून दारापर्यंत गेला. सवयीनं अण्णांचा उजवा हात थोडा वर आला, आशीर्वादासाठी, त्याच्या डोक्याच्या उंचीवर. किशोर वाकला नाही. ताठ उभा राहून त्यानं गल्लीतल्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याला हाक मारली आणि म्हणाला, "काकांना कामरेजला सोड." अण्णा नाही, काका म्हणाला. तो वर आलेला हात तसाच थोडा वेळ राहिला, मग त्यांनी त्याच हातानं सदरा सारखा केला.

तो परत आत आला. मी काहीतरी बोलणार होते, पण त्यानं मान हलवली. मग तो काट्यावर जाऊन उभा राहिला, सुटलेल्या पोटासकट, आणि खाली आकड्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. लहानपणी पाढे म्हणताना हलायचे तसे. तो आजचं वजन मोजत नव्हता, त्या वर्षीच्या सकाळी एकेक करून आठवत होता आणि प्रत्येकीतून अडीच वजा करत होता.

"ताई," तो म्हणाला, "मी वजनात होतो गं. मिलमध्ये जायच्या आधीपासून होतो."

मायला आता काय कळलं आणि किती कळलं, मला माहीत नाही. ती उठली, ओट्यावरची पुडी घेतली, ताटलीत पोंक ओतला, त्यावर शेव घातली आणि काट्याजवळ जाऊन त्याच्यासमोर धरली. तो काट्यावरून उतरला नाही. तिथेच उभ्यानं त्यानं एक मूठ घेतली, स्वतःच्या हातानं, आणि खाल्ली.

"त्या वर्षी पोंक खाता आला असता," तो म्हणाला.